टाळ्या, अश्रू आणि दगड

प्रश्न : येशूचा शिष्य पेत्र याच्या एका भाषणानंतर सुमारे 3000 जणांनी बाप्तिस्मा घेतला, असे बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचा उपदेश नेहमीच इतका परिणामकारक होता का?

उत्तर : नाही, आणि तो ग्रंथही तसे म्हणत नाही. पेत्रासमोर सणासाठी यरुशलेमेत जमलेले यहुदी होते. त्यांच्या शास्त्रातला योएल संदेष्टा आणि स्तोत्रे त्यांच्या ओळखीची, म्हणून पेत्र तिथूनच सुरुवात करतो आणि मग थेट आरोप ठेवतो : ज्याला तुम्ही वधस्तंभावर दिले, तोच ख्रिस्त. ऐकणाऱ्यांच्या अंतःकरणाला टोचणी लागते आणि ते विचारतात, आम्ही काय करावे? पुढे सातव्या अध्यायात स्तेफन हा आणखी एक ख्रिस्ती उपदेशकही यहुद्यांसमोर शास्त्राच्याच आधारे बोलतो. तिथेही शब्द काळजाला भिडतात, पण मूळ ग्रीक क्रियापद करवतीने कापले जाण्याचे आहे आणि शेवट दगडफेकीत होतो. म्हणजे घाव दोन्हीकडे बसला. एकीकडे त्यातून प्रश्न निघाला, दुसरीकडे संताप.

श्रोत्यांना शास्त्रच ठाऊक नसेल तर वेगळीच पंचाईत. लुस्त्र या गावात प्रेषित पौलाच्या शब्दाने एक लंगडा बरा होताच लोकांनी त्याचा सोबती बर्णबा याला झ्यूस आणि पौलाला हर्मीस हे ग्रीक देव ठरवले (बोलण्यात पुढे पौलच होता) आणि त्यांना बळी द्यायला बैल व हार आणले. लोकांचे बोलणे स्थानिक लुकवनी भाषेत चालले होते. पुढे बाहेरून आलेल्या विरोधकांनी मने फिरवली आणि त्याच गावात पौलाला दगड खावे लागले. अथेन्समध्ये पौल शास्त्रवचने देत नाही. ‘अज्ञात देवा’ची वेदी आणि ग्रीक कवीची ओळ घेऊन बोलतो. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा विषय निघताच काही जण थट्टा करतात, काही ‘पुन्हा ऐकू’ म्हणतात, थोडे विश्वास ठेवतात. त्रोवस या शहरात तर पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबले आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. खोलीत पुष्कळ दिवे होते, हे सांगायला लेखक विसरत नाही.

प्रश्न : रविवारच्या सभेत उपदेश कधी होई? श्रोते बसत की उभे राहत?

उत्तर : सुमारे इ.स. 155 मध्ये रोममध्ये लिहिताना जस्टिन हा ख्रिस्ती लेखक क्रम देतो : प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचायचे, मग अध्यक्षाचा बोध, मग सर्वांनी उठून प्रार्थना, त्यानंतर भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस. मात्र पुढे, सुमारे इ.स. 400 च्या आसपास, बिशप ऑगस्टीनच्या उत्तर आफ्रिकेत बिशप (चर्चचा प्रमुख धर्मगुरू) बसून बोले आणि लोक उभे असत. पाय दुखले की लक्ष उडते, हे त्याने ओळखले होते. ख्रिस्ती धर्मात नव्याने येणाऱ्याला शिकवताना तो ऐकणारा जांभया देऊ लागला, तर विषयाला धरून काही प्रसन्न किंवा नवलाचे सांगा, बसायला आसन द्या, उरलेले आटोपते घ्या, असा ऑगस्टीनचा सल्ला आहे.

प्रश्न : चर्चमध्ये टाळ्या वाजत, हे खरे का?

उत्तर : खरे आहे. चौथ्या शतकातले शहरी श्रोते वक्तृत्वावर पोसलेले होते. नाटकगृहातली सवय ते सोबत घेऊन येत. त्या काळचा नामवंत उपदेशक योहान क्रिसोस्तोम याने एका प्रवचनात टाळ्यांवर बंदीचा नियम मांडला, तेव्हा त्या मागणीलाच गलका करून दाद मिळाली! दुसऱ्या एका प्रवचनात, दिवे लावणाऱ्याकडे माना वळवणाऱ्या श्रोत्यांना त्याने तिथल्या तिथे टोकले. त्याआधी सुमारे दीडशे वर्षे ओरिगेन हा ख्रिस्ती विद्वान कुरकुरतो की काही जण वाचन संपताच निघून जातात, काही कोपऱ्यात गप्पा छाटतात. लघुलेखक (शॉर्टहँड लिहिणारे) प्रवचने जागेवर उतरवून घेत, म्हणून असले तपशील आपल्यापर्यंत पोचले.

टाळी म्हणजे परिणाम नव्हे, हे ऑगस्टीनने सर्वांत नेमके सांगितले. उत्तर आफ्रिकेतल्या मॉरेतानिया प्रांतातल्या कैसरिया शहरात दर वर्षी ठरावीक काळात गावकरी, अगदी बाप-मुलगे आणि भाऊभाऊही, दोन तट करून काही दिवस एकमेकांवर दगड फेकत, माणसे मरत. ऑगस्टीनने त्याविरुद्ध उपदेश केला. लोकांनी वाहवा केली, तेव्हा त्याला एवढेच वाटले की मुद्दा कळला आणि आवडला. डोळ्यांत पाणी आले, तेव्हा कुठे काही साधल्यासारखे वाटले आणि त्याने तिथेच भाषण आवरते घेऊन आभाराची प्रार्थना केली. हे तो लिहीत होता तोवर आठ-एक वर्षे उलटली होती आणि दगडांची ती लढाई तिथे पुन्हा झाली नव्हती.