जुन्या रेसिंग मोटरसायकलींचं काही लोकांना एवढं वेड का असतं?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: ‘आजची साधी सव्वाशे सीसीची गाडीसुद्धा त्या साठ वर्षांपूर्वीच्या गाड्यांना मागे टाकेल ना?’ तिथूनच सुरू करतो. नाही टाकणार. आपल्या दारात उभी असते ती सव्वाशे सीसीची गाडी अकरा-बारा हॉर्सपॉवर देते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीची सव्वाशे सीसीची रेसगाडी १९६१ साली २५ हॉर्सपॉवर देत होती, १०,८०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना. टर्बो नाही, फ्युएल इंजेक्शन नाही, कॉम्प्युटर नाही. एक सिलिंडर, एक कार्ब्युरेटर आणि मागे एक विचित्र फुगलेला सायलेन्सर. लिटरमागे २०० हॉर्सपॉवर हा आकडा सुपरचार्जरशिवाय, म्हणजे हवा जबरदस्तीने आत कोंबणाऱ्या पंपाशिवाय, गाठणारं ते पहिलं इंजिन.

ॲव्हरेज, टिकाऊपणा आणि सकाळी एका बटणात सुरू होणं यात तुमची गाडी जिंकेल, हे मान्य.

आता वेड. दुसऱ्यांचं मला माहीत नाही, माझं त्या फुगलेल्या सायलेन्सरपासून सुरू झालं.

कोल्हापुरात माझ्या मामाकडे राजदूत ३५० होती. यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ मध्ये आपल्याकडे आणली, तीच ही. मूळ गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्या वाट्याला ड्रम आला. हॉर्सपॉवरही मूळच्या ३९ वरून साडेतीसवर उतरवली. तरी त्या काळी आपल्या रस्त्यांवर जे काही धावत होतं, त्यात तिच्या जवळपास येणारं कोणी नव्हतं. आजी तिला राजदूत म्हणायचीच नाही, यमदूत म्हणायची. पेट्रोल प्यायची ते वेगळंच. लिटरला वीस-बावीस किलोमीटर, वर पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टू-टी ऑइलचा खर्च. मामीचा गाडीवर राग होता तो याच हिशेबामुळे.

एकदा आंबा घाटात ऑइल पंपाची केबल निसटली आणि पिस्टन सीझ झाला, म्हणजे सिलिंडरमध्येच अडकून बसला. मी मागे बसलो होतो. मागचं चाक एकदम जाम झालं, टायर किंचाळला, मामाने क्षणात क्लच दाबला म्हणून आम्ही दोघं रस्त्यावरच राहिलो, दरीत गेलो नाही. गाडी टेम्पोत घालून उद्यमनगरात आणली. तिथल्या मिस्त्रींनी हेड उतरवलं, सिलिंडर बाहेर काढला आणि मला म्हणाले, ‘बोट घाल आत.’ मी घातलं. सिलिंडरच्या गुळगुळीत भिंतीत खिडक्या होत्या. एक मोठी, बाहेर जाणारी. बाकीच्या बाजूंना, जरा खाली. मग त्यांनी खडू घेऊन फरशीवर सायलेन्सरच्या पोटातलं चित्र काढलं: आधी हळूहळू रुंद होत जाणारा शंकू, मग उलटा, निमुळता होत जाणारा. ‘धूर भायेर काढायला नसतोय ह्यो,’ ते म्हणाले. ‘पेट्रोल आत ढकलायला असतोय.’

मला ते तेव्हा अजिबात पटलं नाही. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की त्यांचं शब्दन् शब्द खरं होतं.

मामाची आरडी काय, ती एमझेड काय, दोन्ही टू-स्ट्रोक. अशा इंजिनाला डोक्यावर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नसतात, भिंतीतल्या खिडक्याच ते काम करतात. जळलेला वायू बाहेर जाण्याची खिडकी आणि ताजं पेट्रोल-हवा आत येण्याच्या खिडक्या बराच वेळ एकत्रच उघड्या असतात. साहजिकच ताज्या मिश्रणातलं बरंचसं धुराच्या मागोमाग थेट बाहेर पळतं. जळलेला वायू दणका देऊन बाहेर पडतो, त्याची एक दाबाची लाट सायलेन्सरमधून धावते. रुंद होणाऱ्या शंकूत ती गेली की मागे ओढ निर्माण होते आणि सिलिंडर लवकर रिकामा होऊन ताजं मिश्रण ओढून घेतो. पुढे निमुळत्या शंकूवर आपटून ती लाट माघारी फिरते, विहिरीत मारलेली हाक परत यावी तशी. ती नेमकी खिडकी बंद होण्याच्या आधी पोहोचली, तर बाहेर सांडलेलं मिश्रण पुन्हा आत कोंबते. गर्दीच्या एसटीत दाराबाहेर लोंबकळणाऱ्यांना कंडक्टरने आत रेटून दार लावावं, तसं.

सगळा खेळ ‘नेमकी’ या शब्दाचा आहे. लाट आपल्या वेगाने येणार, ती काही इंजिनासाठी थांबत नाही. म्हणून एका ठराविक आरपीएमच्या पट्ट्यातच हे गणित जुळतं. त्याखाली गाडी मरगळलेली, कुथत चालणारी. पट्ट्यात शिरली की मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखी सुटते. आरडी चालवलेल्या माणसाला विचारा, तो हाताने दाखवेल. मामा तर ‘आता बघ हां’ म्हणायचा आणि मी त्याचा शर्ट दोन्ही मुठीत धरायचो.

हे सगळं मोजून-मापून बसवणाऱ्या माणसाचं नाव मला फार उशिरा कळलं. वॉल्टर काडेन. दुसऱ्या महायुद्धात हा पेनेम्युंडेच्या क्षेपणास्त्र केंद्रात कामाला होता. युद्धानंतर त्शोपाऊ गावातल्या एमझेडच्या कारखान्यात रेसिंग विभागाचा प्रमुख झाला. फुगीर सायलेन्सर त्याने शोधला असं सरसकट म्हटलं जातं, ते बरोबर नाही. डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या एरिख वोल्फने त्याच्या आधी तो वापरला होता. मिश्रण आत सोडणारा फिरत्या चकतीचा रोटरी व्हॉल्व्हही डॅनिएल झिमरमान या दुसऱ्याच माणसाने घरी बनवलेल्या गाडीवरून घेतलेला. काडेनने या गोष्टी एकत्र आणल्या, त्यात स्वतःची जास्तीची एक खिडकी घातली आणि सायलेन्सरमधल्या लाटा ऑसिलोस्कोप या यंत्राच्या पडद्यावर बघत बघत एकेक शंकू कापला, जोडला, पुन्हा कापला. हाताशी धड पैसा नव्हता की चांगला धातू नव्हता. समोर होंडाचा श्रीमंत संघ होता.

१९६१ च्या सव्वाशे सीसी विश्वविजेतेपदात एमझेडचा रायडर एर्न्स्ट डेग्नर आघाडीवर होता. स्वीडनमधल्या क्रिस्टियानस्टाडची रेस जिंकली असती तर विजेतेपद त्याचं होतं. तारीख १७ सप्टेंबर. बर्लिनची भिंत उभी राहून महिना-सव्वा महिना झाला होता. रेसमध्ये इंजिन तुटलं आणि त्यानंतर डेग्नर पूर्व जर्मनीला परतलाच नाही. त्याच सुमारास त्याची बायको आणि मुलं एका गाडीत चोरजागेत लपून पश्चिमेला पोहोचली. पूर्व जर्मनीने आरोप केला की इंजिन त्याने मुद्दाम मोडलं. विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला गेलं, आणि डेग्नर गेला जपानला, सुझुकीकडे. बोलणं आधीच झालं होतं, त्याच वर्षी ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी रेसच्या वेळी, तिथल्या डग्लस गावातल्या हॉटेलात. त्या टीटीत सुझुकीच्या गाड्यांची धूळधाण उडाली होती. पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, डेग्नरने पन्नास सीसीची टीटी जिंकली आणि विश्वविजेतेपदही. टू-स्ट्रोक गाडीचं ते पहिलं विश्वविजेतेपद. गाडी सुझुकीची, पण डोकं त्शोपाऊचं.

डेग्नर गद्दार की बिचारा, यावर आमच्या गाडीवेड्यांच्या कट्ट्यावर दोन तट आहेत. मला तरी दोष देता येत नाही. भिंत बांधलेल्या देशात बायको-मुलं असलेला माणूस काय करेल ते मी पुण्यात खुर्चीत बसून ठरवू शकत नाही. पण काडेनसाठी जीव तुटतो. त्याचा रायडर गेला, विद्या गेली, वर सरकारची संशयी नजर मागे लागली. एमझेडला रोड रेसिंगचं विश्वविजेतेपद कधीच मिळालं नाही. डेग्नरचंही फार भलं झालं असं नाही. १९६३ मध्ये जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर तो आगीत गंभीर भाजला आणि १९८३ मध्ये वयाच्या बावन्नाव्या वर्षाच्या आसपास स्पेनच्या टेनेरिफ बेटावर वारला. सुझुकाची दोन वळणं आजही डेग्नरच्या नावाने ओळखली जातात. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांनी ते नाव हजारदा ऐकलं असेल.

यावर होंडाने काय केलं ते वाचाल तर हसाल. टू-स्ट्रोक इंजिन दर फेरीला पेटतं, फोर-स्ट्रोक दर दुसऱ्या फेरीला. मग फोर-स्ट्रोकने बरोबरी करायची तर ते दुप्पट वेगाने फिरायला हवं, आणि वेगाने फिरायचं तर पिस्टन चिमुकले हवेत. म्हणून अडीचशे सीसीत त्यांनी सहा सिलिंडर बसवले. एकेक पिस्टन कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढा. ही आरसी १६६. चोवीस व्हॉल्व्ह, सात गिअर, १८,००० आरपीएम, साठ हॉर्सपॉवर. इंग्लंडच्या माइक हेलवुडने तिच्यावर १९६६ आणि १९६७ ची विजेतेपदं मारली. तिचा आवाज नेटवर आहे. हेडफोन लावून ऐका, पण घरातली लहान मुलं झोपलेली असताना स्पीकरवर नको. तिकडे सुझुकीने पन्नास सीसीच्या आरके ६७ ला चौदा गिअर दिले, कारण तिचा पट्टा इतका अरुंद होता की पाय सतत नाचता ठेवल्याशिवाय ती चालायचीच नाही. शेवटी नियम करणाऱ्यांनी सिलिंडर आणि गिअर यांच्यावर मर्यादा घातली आणि हा सगळा बहारदार वेडेपणा संपला.

माझ्या वेडाचं खरं कारण इथे आहे. त्या गाड्यांकडे नुसतं बघून बनवणाऱ्याने काय विचार केला ते ओळखता येतं. इंग्रजांची मँक्स नॉर्टन बघा: एकच मोठा सिलिंडर, भर सगळा फ्रेमवर. हॅरल्ड डॅनिएल या रायडरने तिला पिसांच्या गादीची उपमा दिली आणि त्या फ्रेमला फेदरबेड हेच नाव पडलं. इटलीत मोटो गुत्सीच्या कार्कानोने पाचशे सीसीत आठ सिलिंडर कोंबले. एकाच प्रश्नाची तीन-चार देशांतून आलेली तीन-चार उत्तरं, आणि बाहेरचं कव्हर काढलं की सगळी डोळ्यांसमोर उघडी. आताच्या रेसगाड्या कितीतरी वेगवान आहेत. स्टिकर काढले तर मला त्यातल्या दोन वेगळ्या ओळखता येत नाहीत.

आता मामाच्या गाडीकडे येतो. लवकरच यामाहाही टू-स्ट्रोकवर जिंकू लागली. १९६४ मध्ये फिल रीडने त्यांना अडीचशे सीसीचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. पुढे त्यांनी खासगी रायडरला विकत घेता येतील अशा रेसगाड्या काढल्या, आणि त्यातल्या टीझेड ३५० चा सिलिंडर ६४ मिलिमीटर रुंद, ५४ मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल. हेच माप आरडी ३५० चं. जाकोमो अगोस्तिनीने १९७४ मध्ये साडेतीनशे सीसीचं विजेतेपद जिंकलं ते यामाहाच्या टू-स्ट्रोकवर. मामाला हे माप सांगितलं तेव्हा तो दोन दिवस सोसायटीत सगळ्यांना सांगत फिरला. तोवर गाडी विकून वीस वर्षं झाली होती.

काही वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त जर्मनीतल्या केम्निट्झ शहरात होतो. तिथून त्शोपाऊ अगदी जवळ, झाक्सेनरिंगचा ट्रॅकही. याच झाक्सेनरिंगवर १९६१ मध्ये डेग्नर एमझेडवर जिंकला होता. आणि याच ठिकाणी १९७१ मध्ये पश्चिम जर्मनीचा डीटर ब्राउन जिंकला तेव्हा पूर्वेच्या प्रेक्षकांनी पश्चिमेचं राष्ट्रगीत गायलं, सरकारची पंचाईत झाली. एका रविवारी तिथे जुन्या रेसगाड्यांचा मेळावा होता. गेटातून आत शिरलो आणि आधी वास आला. गोडसर, जड, तुपकट. दोन मिनिटं ओळखेचना. मग आठवलं: एरंडेल! जुन्या रेसगाड्यांत एरंडेलाचं ऑइल घालायचे, कॅस्ट्रॉल हे नावच कॅस्टर ऑइलवरून आलेलं. लहानपणी आजी नाक दाबून पाजायची ते, इथे म्हातारे जर्मन डोळे मिटून हुंगत उभे.

एका टेबलावर एमझेडचा सिलिंडर उघडा ठेवला होता. शेजारी गाडी, शेजारी तिचा मालक, सत्तरीचा. मी सिलिंडरकडे बघतोय हे पाहून त्याने खुणेने सांगितलं, बोट घाल. घातलं. बाहेरची मोठी खिडकी, बाजूच्या, आणि समोरच्या भिंतीत ती काडेनची जास्तीची.

त्याला गाडी सुरू करायची होती. किक नसतेच या गाड्यांना. १९८६ पर्यंत ग्रांप्री रेसही धक्का मारूनच सुरू व्हायच्या. त्याचे गुडघे गेलेले, म्हणून मी ढकललं. पंधरा-वीस पावलं, त्याने क्लच सोडला, एकदा खोकली, आणि मग असा आवाज झाला की माझ्या छातीत घुमला. पांढऱ्या शर्टावर पोटापासून खांद्यापर्यंत तेलाचे काळे शिंतोडे. धुतल्यावरही गेले नाहीत.

रात्री मामाला शर्टाचा फोटो पाठवला. लगेच फोन आला.

‘पेट्रोलात ऑइलचं मिक्स किती होतं?’

‘विसाला एक, म्हणाला. एरंडेल.’

मामा जरा वेळ गप्प. ‘मग प्लग लय काळा होत असंल.’