यो-यो स्वतः आखताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फ्रीकॅडमध्ये (संगणकावर आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) यो-योचे तीन-चार आकार काढून झाले. दिसायला छान आहेत, पण प्रत्यक्ष बनवायचं तर मापं कुठून धरायची ते कळत नाही. ॲल्युमिनियमचा, 56 मिमी व्यासाचा, 65 ग्रॅमचा यो-यो हवा आहे.

उत्तर : बाहेरचा आकार तूर्त बाजूला ठेवा आणि बेअरिंगपासून आखायला घ्या. यो-यो गुळगुळीत फिरणार की थरथरणार, हे मधल्या 13 मिलिमीटरमध्ये ठरतं. बाहेरची वळणं नंतर कितीही बदलता येतात.

आजच्या बहुतेक यो-योंमध्ये 'सी' मापाचं बेअरिंग असतं. औद्योगिक मापात तेच आर-188 : आतला व्यास 6.35 मिमी, बाहेरचा 12.70, रुंदी 4.76. ते बसायला प्रत्येक अर्ध्या भागावर एक छोटी खुंटी लागते. तिचा व्यास 6.33 ते 6.34 ठेवा, म्हणजे बेअरिंग बोटाच्या दाबाने सरकत जाईल आणि बसल्यावर डुलणार नाही. खुंटीची उंची 2.2 मिमीच्या वर नेऊ नका. दोन्ही खुंट्यांची उंची मिळून 4.76 पेक्षा जास्त झाली, तर यो-यो आवळताना खुंट्याच एकमेकींना टेकतात. बेअरिंग मात्र मध्ये सैल राहतं, आणि वरून पाहून हा दोष कळत नाही.

खुंटीच्या बुडाशी बेअरिंग टेकायला जो खांदा असतो, त्याचा व्यास 7.5 मिमीच्या आत हवा. त्याने फक्त आतली रिंग धरायची असते. तो बेअरिंगच्या बाजूच्या झाकणाला किंवा बाहेरच्या रिंगला लागला, तर ब्रेक दाबून ठेवल्यासारखा यो-यो लगेच थांबतो.

गॅपचा, म्हणजे दोरी राहते त्या दोन भिंतींमधल्या फटीचा, हिशेब याच खांद्यावर आहे. 4.4 मिमी गॅप हवी असेल, तर 4.76 मधून 4.40 वजा करून उरलेल्याचे दोन भाग करा. खांदा दोन्ही बाजूंना भिंतीपेक्षा 0.18 मिमी आत गेला पाहिजे. ॲक्सलसाठी, म्हणजे दोन्ही भाग जोडणाऱ्या मधल्या दांड्यासाठी, एम-4 चा (4 मिमी व्यासाचा) 12 मिमी लांब ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) घ्या. भोक 3.3 मिमीच्या ड्रिलने पाडा, मग टॅपने आटे पाडा. 8 मिमीचा स्क्रू घेतला तर प्रत्येक बाजूला चारच मिमी आटे पकडतात. रोज उघडबंद करणाऱ्याच्या हातून ते लवकर जातात.

आता वजन. बेअरिंग आणि ॲक्सल मिळून साधारण 3 ग्रॅम होतात. उरलेल्या 62 चे दोन भाग केले की एका अर्ध्याला 31 ग्रॅम येतात. 6061 ॲल्युमिनियमची घनता 2.70 आहे, म्हणजे एका भागाचं घनफळ 11.5 घन सेंटिमीटर हवं. छेद काढून अक्षाभोवती फिरवला की फ्रीकॅड घनफळ सांगतंच. आकडा जास्त आला तर कडेला हात लावू नका, बाहेरच्या बाजूच्या मधल्या खोलगट वाटीतला धातू कमी करा. जडत्व त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. मध्यापासून 26 मिमीवर ठेवलेला एक ग्रॅम, 13 मिमीवर ठेवलेल्या चार ग्रॅमइतकं काम करतो. वाटीची भिंत 1.5 मिमीपेक्षा पातळ केली, तर एकदा जमिनीवर आपटली तरी आत दबेल.

प्रश्न : पीएलएमध्ये (थ्री-डी प्रिंटरच्या प्लास्टिकमध्ये) छापलेला यो-यो 44 ग्रॅमचाच भरला. तो जेमतेम फिरतो आणि लगेच मंदावतो. इन्फिल (आतला भराव) 100 टक्के आहे. मग कमी काय पडतंय?

उत्तर : घनता. पीएलएची घनता 1.24, म्हणजे ॲल्युमिनियमच्या निम्म्याहूनही कमी. प्लास्टिक वाढवत गेलात तर वजन मध्याजवळच साठेल, त्याने फार फरक पडणार नाही. कडेत पोलाद घाला.

6 मिमीची पोलादी बेअरिंग-गोळी साधारण 0.88 ग्रॅमची असते. मध्यापासून 23 मिमीवर, दर 30 अंशांवर एक, अशा प्रत्येक बाजूला 12 गोळ्या बसतात. त्यांच्या जागेचं प्लास्टिक वजा धरूनही एकूण वजन 62 ग्रॅमच्या आसपास जातं, आणि ही भर सगळी कडेलाच पडते. खळगा 6.1 मिमीचा करा, गोळी इपॉक्सीत बसवा आणि ती किंचितही हलत नाही ना, हे पाहून मगच वापरा. बाहेरच्या बाजूला किमान 2 मिमी भिंत ठेवा. मिनिटाला 5,000 फेऱ्यांच्या वेगात प्रत्येक गोळी अर्ध्या किलोहून जास्त जोराने बाहेर खेचली जाते. म्हणून खळग्याचं तोंड कधीही बाहेरच्या कडेला ठेवायचं नाही, वाटीच्या बाजूलाच ठेवायचं. पहिल्या काही फेकी डोळ्यांवर चष्मा लावूनच करा, आणि तेव्हा समोर कुणी उभं नको.

प्लास्टिकमध्ये थेट पाडलेले आटे टिकत नाहीत. षटकोनी खाच ठेवून त्यात एम-4 चा नट बसवा. गरम करून दाबायचे पितळी इन्सर्टही (आतून आटे असलेल्या छोट्या नळ्या) चालतात, पण ते हाताने दाबले की हमखास तिरके जातात. ड्रिल-स्टँडला सोल्डरिंग आयर्न सरळ बांधून दाबता येत असेल, तरच त्या वाटेला जा.

प्रश्न : लेथवर करून घेतलेला यो-यो दोरीवर जोरात थरथरतो. दोष कशात आहे ते कसं ओळखायचं?

उत्तर : आधी बेअरिंग बदलून पाहा. मग ॲक्सल काचेवर लोळवा. तो वाकडा असेल तर लगेच दिसतो. तो उलटा फिरवून बसवल्यानेही कधी कधी फरक पडतो. एवढं करूनही थरथर राहिली, तर यो-यो फिरत असताना एका बाजूच्या दिव्याच्या उजेडात कड बघा. रेघ एकच, स्वच्छ दिसली तर भाग सरळ आहे, वजन मात्र एकीकडे झुकलं आहे. रेघ दुहेरी दिसली तर तो भाग तिरका बसतो आहे.

तिरकेपणाचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. खुंटी, खांदा आणि आटे एका बांधणीत केले, मग जॉब (कातायचा तुकडा) चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, काढून उलटा धरला आणि बाहेरची बाजू केली. दुसऱ्यांदा धरताना जॉब थोडा सरकतोच. यावर उपाय म्हणजे दुसऱ्या बांधणीसाठी 6.35 मिमीचं भोक आणि एम-4 स्क्रू असलेला मँड्रेल (जॉब बसवायचा आधार). तो त्याच लेथवर, चकमधून न काढता करायचा आणि जॉब त्याच्यावर खुंटीने बसवायचा. म्हणजे बाहेरची बाजूही बेअरिंगच्याच अक्षाशी जुळते. पुढच्या खेपेला लेथवाल्याला हे ड्रॉइंगवर लिहूनच द्या.

हातात आहे तो यो-यो सुधारायचा असेल, तर एका खुंटीवर 0.1 मिमीचा शिम (पातळ धातूची चकती) घालून पाहा. एम-4 च्या आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 0.7 मिमी असल्यामुळे दोन्ही भाग एकमेकांच्या सापेक्ष साधारण 51 अंश फिरून घट्ट होतात. एकाची जड बाजू दुसऱ्याच्या हलक्या बाजूसमोर आली की थरथर बरीच कमी होते. पूर्ण जात नाही, कारण दोन्ही भागांचं असमतोल वजन वेगवेगळ्या प्रतलात राहतं. नुसता ॲक्सल आत-बाहेर सरकवून हा कोन बदलत नाही. दोन्ही भाग एकाच सलग आट्यावर बसलेले असतात.

ॲनोडायझिंगनंतर (ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा लेप दिल्यानंतर) बेअरिंग अडकायला लागलं असेल, तर तो दोष वेगळा आहे. लेपाने खुंटी काही मायक्रॉन जाड होते. एकतर ती झाकून लेप द्यायला सांगा, नाहीतर आधीच 0.01 मिमी बारीक करा.

प्रश्न : बाइंड केलं (यो-यो परत बोलावायला दोरीचा वेढा गॅपमध्ये घातला) तर यो-यो परत येत नाही, दोरी घसरते.

उत्तर : भिंतीच्या खोबणीतले, दोरी पकडणारे सिलिकॉन पॅड भिंतीच्या पातळीपेक्षा खोल गेले आहेत. जुने काढा, खोबण स्पिरिटने पुसा, पातळ ओघळणारं सिलिकॉन काठोकाठ भरा आणि 24 तास हात लावू नका. सुकल्यावर ते थोडं आकसतं, त्यामुळे भरताना केसभर वर ठेवलेलं चालतं. उलट तक्रार असेल, म्हणजे न बोलावता यो-यो परत येत असेल, तर पॅड भिंतीबाहेर आले आहेत, बेअरिंग मळलेलं आहे, किंवा गॅपच्या मानाने दोरी जाड आहे.

प्रश्न : छेदात 'व्ही' आकार (सरळ उताराच्या भिंती) घ्यावा की 'एच' (पायरी असलेल्या भिंती)?

उत्तर : पहिल्या डिझाइनला 'व्ही'. दोरीचे थर सरळ उतारावरून बेअरिंगकडे घसरतात आणि लेथवर तो करायलाही सोपा. 'एच'मध्ये कडेला जास्त वजन ठेवता येतं, यो-यो जास्त वेळ आणि जास्त स्थिर फिरतो, पण पायरीच्या कोपऱ्यात दोरी घासते. कोपऱ्याला किमान 2 मिमीची गोलाई दिली तर ते घासणं पुष्कळ कमी होतं.