कांदा खोड की भाजी? वर्गीकरण कुणाचं खरं?

तुमचा प्रश्न असा आहे: जीवशास्त्रात कांद्याला खोड म्हणतात, बाजारात तो भाजी, आयुर्वेदात आणखी तिसराच गट. एकाच वस्तूचे इतके गट कसे, आणि त्यातला खरा कोणता?

मी निफाड तालुक्यातला. घरी कांद्याची शेती, आणि गेली अठरा वर्षं नाशिकला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी. दोन्हीकडे दिवसभर निवडानिवडच चालते, म्हणून लिहितोय. माझ्या मते हे सगळे गट खरे आहेत. प्रत्येकाला पुढे वेगळं काम करायचं असतं, त्या कामापुरते गट पाडलेले असतात. त्यामुळे एखादी वर्गवारी विचित्र वाटली, की ती केल्यावर पुढे काय होणार आहे ते आधी बघायचं.

आमच्या चाळीपासूनच, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडपासूनच सांगतो. उन्हाळ कांदा काढला की शेतातच पातीखाली झाकून सुकवतात, मान कापतात, मग सावलीत ढीग घालून निवड सुरू होते. निवडायला बसणाऱ्या मावशी कांदा हातात आला की आधी अंगठ्याने मान दाबतात. मान बारीक, वाळून मिटलेली लागली तर तो चाळीत. जाड नि ओलसर लागली तर बाजूला, लगेच बाजारात न्यायला. जोडकांदा वेगळा, डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा आलेला वेगळा, विळा लागलेला वेगळा, गोल्टी म्हणजे बारका कांदा वेगळा. हा कांदा चार-पाच महिने टिकेल का, या एकाच प्रश्नावर ही सगळी वाटणी चालते. मी चौदा वर्षांचा असताना घाईघाईत दोन पाट्या जाड मानेचा माल चांगल्या ढिगात ओतला होता. जुलैत चाळीला वास सुटला. त्या कप्प्यातला निम्मा कांदा सडला. वडील काही बोलले नाहीत, पुढच्या हंगामात त्यांनी मला मावशींच्या शेजारी निवडायला बसवलं.

वनस्पतिशास्त्राला टिकण्याशी देणंघेणं नाही, त्याला नातं शोधायचं असतं. पण तेही पहिल्यापासून नव्हतं. स्वीडनच्या लिनिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 च्या ग्रंथात फुलातले पुंकेसर मोजून वर्ग पाडले. कांद्याच्या फुलात सहा, भाताच्या फुलातही सहा, म्हणून दोघं एका वर्गात. आज वाचताना चुकल्यासारखं वाटतं, पण रानात अनोळखी झाड समोर आलेल्या माणसाला त्याची ओळख पटवायला ही मोजणी फार सोयीची होती. पुढे नात्याचा विचार सुरू झाला तसा कांदा लिलीच्या कुळात गेला. नंतर डीएनए तपासता यायला लागलं, आणि 2009 च्या वर्गीकरणात तो अ‍ॅमरिलिडेसी कुळात आला. जुनी पाठ्यपुस्तकं अजून लिलीच सांगतात, तेव्हा दोन पुस्तकांत दोन नावं दिसली तर गोंधळू नका.

चरकसंहितेत खाण्यापिण्याच्या पदार्थांचे बारा वर्ग आहेत. द्राक्षं फळवर्गात, कांदा हरितवर्गात, आलं, मुळा, लसूण यांच्या सोबत. वैद्याला त्या पदार्थाचा खाणाऱ्याच्या शरीरावर काय परिणाम होतो ते हवं असतं. झाडाचा कोणता भाग खाल्ला याने त्याचं काही अडत नाही.

निर्यातीच्या कागदांतला प्रकार मला फार आवडतो, कारण त्यात आपल्या जिल्ह्याची दोन्ही पिकं येतात. तिथे प्रत्येक मालाला आकड्यांचं शीर्षक असतं; ताजा कांदा 0703 या शीर्षकाखाली जातो. तोच कापून वाळवला की 0712, वाळलेल्या भाज्यांत. द्राक्षं मात्र 0806, आणि त्यांचे बेदाणे केले तरी 0806 च, फक्त पुढचे आकडे बदलतात. दोन्हीकडे पाणीच उडून गेलं, पण एकाचं घर बदललं आणि दुसऱ्याचं नाही. वनस्पतिशास्त्रात याला काही आधार सापडणार नाही. जकात लावायला नि मालाची मोजदाद ठेवायला आखलेली ती यादी आहे.

ग्रंथालयाची अडचण तर अगदी साधी आहे: पुस्तकाची एक प्रत एकाच फळीवर ठेवता येते. कांद्याच्या लागवडीचं पुस्तक ड्यूईच्या, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या पद्धतीत 635.25 वर, बाजारभावाचं अर्थशास्त्रात, पाककृतीचं 641 मध्ये. 'कांद्यावरचं सगळं द्या' म्हणत कुणी विद्यार्थी आला, की त्याला घेऊन मी तीन-चार कपाटांपाशी फिरतो. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांनी यावर जो मार्ग काढला तो मला फार मोठा वाटतो. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला, त्याच मोजक्या पट्ट्या-स्क्रूंतून हवं ते जोडता येणारा. 1933 साली त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यात तयार खोके नसतात, विषयाचे पैलू असतात आणि ते जोडत जायचे: पीक कांदा, अडचण करपा रोग, ठिकाण नाशिक, काळ अमुक. एकाच गोष्टीला अनेक बाजू असतात हे त्यांनी पद्धतीच्या पायातच घातलं.

माणसांची वर्गवारी आली की मात्र 'काम बघा' एवढं माझं उत्तर पुरत नाही. 1871 साली इंग्रज सरकारने कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. आपल्याकडचे पारधीही त्या यादीत अडकले. नोंदणी, हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. ती यादीही एका कामासाठीच केली होती, पोलिसांच्या सोयीसाठी. 1952 साली कायदा गेला, तरी तो शिक्का लोकांच्या बोलण्यातून आजही पुरता गेलेला नाही, हे आमच्या भागातच मी पाहतो. अशा वेळी ते काम करायचा अधिकार कुणी दिला आणि यादीतल्या माणसांना कुणी विचारलं होतं का, हेही विचारायलाच हवं.

परीक्षेत विचारलं तर कांदा म्हणजे खोडाचं रूपांतर, कंद, असंच लिहा. आणि आज घरी एक कांदा उभा चिरून बघा. तळाशी पांढरट, कडक अशी चकती दिसते, खोड म्हणजे तेवढंच. तिच्याखाली मुळं फुटतात आणि वरच्या ज्या मांसल पाकळ्या आपण भाजीत घालतो, ते पानांचे फुगलेले तळ आहेत.