पावसाळी राइडचं सामान

बाईकने ताम्हिणी घाटातून कोकणात उतरायचं म्हणतोयस ना, मग आधी पाठीवरची ती सॅक काढ. माणगाव येईपर्यंत खांदे भरून येतात, आणि पडलास तर आतली कडक वस्तू मणक्यालाच लागते. सामान सीटवर, जमेल तितकं खाली आणि तुझ्या पाठीला चिकटून बांध. मागे उंच रचलंस की वळणावर गाडी हेलकावे खाते.

बंजी कॉर्डचा, म्हणजे ताणायच्या रबरी दोरीचा, हुक सुटून चाकात गेला तर चाक जाम होऊ शकतं. पट्टे वापर, आणि पहिल्या १०-१५ किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळ.

बॅगा 'वॉटरप्रूफ' असतात त्या दुकानात! कपडे आधी कचऱ्याच्या जाड काळ्या पिशवीत, मग बॅगेत. रेनकोट मात्र सगळ्यात वर. माझा एकदा तळाशी होता. तो काढेपर्यंत बाकीचं सगळं भिजलं.

पंक्चरचं सामान घेण्याआधी टायर बघ. ट्यूबलेसला स्ट्रिप (भोकात ठासायची चिकट रबरी पट्टी) आणि छोटा पंप पुरतो. स्पोकच्या बहुतेक गाड्यांत ट्यूब असते, तिथे स्ट्रिपचा उपयोग शून्य. जादा ट्यूब, टायर लिव्हर (रिमवरून टायर उचकटायची पट्टी) आणि मागच्या अ‍ॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या दांड्याचा, पाना हवा. टूलकिटात तो असेलच असं नाही, म्हणून घरी एकदा चाक काढून बघ. क्लच केबलही एक जादा ठेव.

कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये चालतात, पण घाटात रेंज जाते. लायसन्स खिशात असू दे.

आणि दोन दिवसांना तीन जीन्स कशाला? कोकणात पावसात एकदा भिजलेली जीन्स परत येईपर्यंत वाळत नाही.