झाकण बसलं पाहिजे

अनेक आशीर्वाद.

तुझ्या वारीच्या पटखेळाच्या डब्याच्या झाकणासाठी तीन चित्रं पाठवलीस आणि विचारलंस, "काका, यातलं कुठलं घेऊ?" दिंडीचं चित्र सुरेख आहे, पताकाही सुरेख. पण डब्याच्या आतला एकही फोटो नाही. आळंदी ते पंढरपूर हा अख्खा पट तू घरी बसून आखलास, सासवड, जेजुरी, लोणंद, वाखरी हे मुक्काम हाताने लिहिलेस. खेळ संपल्यावर हे सगळं जायचं कुठे, ते सांग.

नवा म्हणून डबा एकदाच उघडतात. मिटतात मात्र शेकडो वेळा. तू मिटण्याचा विचार कर.

माझ्या गडांच्या खेळाचे 300 डबे केले तेव्हा मीही चित्रातच अडकलो होतो. गड पुठ्ठ्याच्या तावावर छापलेले होते, खेळणाऱ्याने ते सुटे करून घ्यायचे. मापं घेतली ती तावांची. ताव बोटभर उंचीत बसले. गड सुटे करून पिशव्यांत भरले तर झाकण अर्धा इंच वर. वर्षभराने एका ओळखीच्या घरी तो डबा कपाटावर दिसला. चारही कोपरे फाटलेले, वरून दोन रबरबँड, आत पाच गड कमी. त्यांनी खेळ टाकला नव्हता, पण खेळतही नव्हते. ते कोपरे मी अजून विसरलेलो नाही.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे पत्त्यांचा जुना खेळ, बघ. 10 अवतार, प्रत्येकाची 12 पानं, म्हणजे 120 गोल पानं, आणि त्यांच्यासाठी रंगवलेला, सरकत्या झाकणाचा लाकडी डबा. चित्र तिथेही आहेच, पण पानं आत नीट राहतात म्हणून ते शोभतं. सारीपाटाने तर प्रश्नच ठेवला नाही. कापडाचा पट, घडी घातली की झालं.

तेव्हा आधी सगळ्या सोंगट्या सुट्या कर. पत्त्यांना प्लॅस्टिकची आवरणं घालून गड्डी मोज, कारण लोक ती घालतातच. वर घडीचा पट ठेव, आणि मग पट्टी हातात घे. झाकणाचं आतलं माप तळाच्या बाहेरच्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त हवं, वर चिकटवलेल्या कागदाची जाडी धरून. बाजूला अंगठ्यापुरती खाच ठेव. पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरतो, त्यामुळे मे महिन्यात अचूक बसलेलं झाकण जुलैत अडतं. खोकेवाल्याकडून छपाई न केलेला कोरा डबा करून घे. पैसे जातील, जाऊ देत!

मागच्या बाजूला किंमत, पत्ता, महिना-वर्ष हे कायद्याने लागतं, त्याला जागा सोड. 14 वर्षांखालच्या मुलांसाठी विकणार असशील तर आयएसआय या दर्जाच्या शिक्क्याचंही आधी विचारून घे; 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे.

दुसऱ्या वेळी मी डबा दीड इंचाने उंच केला. दुकानदार म्हणाला, फळीवर मावत नाही. भागीदार म्हणाला, आतली मोकळी जागा बघून गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटेल, शिवाय खर्च वाढतोय. मी ऐकलं नाही. तो भागीदारी सोडून गेला. एका खोक्यापायी मित्र घालवला असं लोक अजून म्हणतात. खोक्यापायी नव्हे. पैसे मोजून घेतलेला खेळ माणसाला परत नीट ठेवता येऊ नये, हे मला सहन होत नव्हतं. त्याची आठवण येते. तरी आजही डबा उंचच करेन.

तू म्हणशील, विकत घेताना लोक चित्रच बघतात. बघू देत की! चित्र काढू नकोस असं कुठे म्हटलं मी? झाकण बसू दे, मग हवं ते चित्र काढ.

रविवारी कोरा डबा घेऊन ये. माझी नात नऊ वर्षांची आहे. ती खेळेल आणि आवरेलही. तू तोंडातून शब्द काढायचा नाहीस, "ते तिकडे ठेव" असंही नाही. फक्त तिचे हात बघायचे. आणि येताना झिपच्या छोट्या पिशव्या आण, माझ्याकडच्या संपल्यात.

तुझा,
काका