सकाळी आईच्या हाताची बोटं आखडतात, नारळ खवताना अंगठा ठणकतो, घरी काय करता येईल?

आईसाठी विचारताय ना, मग आधी हे बघा की सकाळचा आखडलेपणा किती वेळ राहतो. अर्ध्या तासाच्या आत सुटतो आणि दुखणं टोकाकडच्या सांध्यांत, अंगठ्याच्या मुळाशी असेल तर बहुतेक झिजेचा संधिवात. पण तासभर किंवा जास्त राहतो, दोन्ही हातांचे सांधे सुजून गरम लागतात, तर प्लीज तेल-लेपात महिने घालवू नका, तो ऱ्हुमॅटॉइड म्हणजे आमवात असू शकतो, गोव्यात बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात दाखवा, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या टेस्टनी निदानाला मदत होईल, औषध लवकर सुरू झालं तर बोटं वाकडी होणं बरंच टळतं.

झिजेचं असेल तर सकाळी कोमट पाण्यात दहाएक मिनिटं हात ठेवून आतच मूठ हळूहळू उघडझाप करायला सांगा, याने खरंच फरक पडतो. अंगठ्याला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी लावा, डायक्लोफेनॅक जेल डॉक्टरांना विचारून. आणि विळीवर नारळ खवणं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्या हो, मासे साफ करून बाजारातूनच आणा, सुरीच्या मुठीला कापड गुंडाळून जाड करा, पिशवी बोटांत न लटकवता खांद्याला.

फार्मसीतून आणून रोज पेनकिलर गोळ्या मात्र नको, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर अजिबातच नको.