बदल आधीच्या मालकाचे, नोटीस माझ्या नावावर

प्रश्न: मी नाशिकला राहतो. मागच्या दिवाळीत ओळखीतून जुनी थार घेतली. पुढचा लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोर गुंडाळून ओढणारं यंत्र), दोन इंचांची लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग), मोठे टायर आणि टपावरचा लाइट बार आधीच्या मालकानेच बसवलेला. आरसी आता माझ्या नावावर आहे. त्र्यंबक रोडवर चलान झालं आणि पाठोपाठ आरटीओकडून नोंदणी निलंबनाची नोटीस आली. मी गाडीला पानाही लावलेला नाही. मी का भोगू?

उत्तर: चलानाच्या बाबतीत तुमचं म्हणणं टिकू शकेल. नोटिशीच्या बाबतीत नाही. दोन्हींना एकच उत्तर देऊ नका.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ(४) बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही सांगतं. बदल ‘करणाऱ्या’ मालकाला. तसे बदल असलेली गाडी विकत घेणाऱ्याचा तिथे उल्लेख नाही. म्हणून चलानावर कोणतं कलम लिहिलंय ते आधी पाहा. हेच असेल तर घाईने पैसे भरू नका. एकदा तडजोड रक्कम (खटल्याऐवजी भरायचा दंड) भरली की ‘मी केलंच नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही. सौद्याआधी विक्रेत्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो आणि त्याच्या नावाची गॅरेजची बिलं शोधून ठेवा. सदोष गाडी रस्त्यावर चालवल्याचं कलम १९० लावलं असेल, तर मात्र हा बचाव लंगडा पडतो. गाडी तुम्हीच चालवत होता.

नोटीस कलम ५३ खालची आहे. त्यात गाडी आज कशी आहे एवढंच पाहिलं जातं, कोणी बिघडवली हे नाही. अनेक जण इथे वाद घालतात, की कलम ५२ मध्ये ‘बदल’ म्हणजे मूळ वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला फेरफार, मग दोन इंचांनी काय होतं? वाद बरा आहे, पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट सांगितलंय. लिफ्ट किटने गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि निरीक्षकापुढे इंच मोजत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. लोखंडी बंपरबद्दल तर बोलायलाच नको. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच असे बुलबार, म्हणजे पुढे बसवलेले लोखंडी बंपर-गार्ड, कलम ५२ चा भंग असल्याचं राज्यांना कळवलं होतं. पादचाऱ्याला जबर इजा होते आणि एअरबॅग वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही.

तेव्हा गाडी मूळ रूपात आणा. काढताना आणि काढल्यावर फोटो घ्या, गॅरेजचं बिल घ्या. नोटिशीतल्या मुदतीत लेखी खुलासा पेठ रोडच्या कार्यालयात द्या, पोच घ्या, गाडी तपासणीला हजर करण्याची तयारी कळवा. खुलाशात ‘मी बदल केले’ असं चुकूनही लिहू नका. तरीही निलंबनाचा आदेश निघालाच, तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं.

विक्रेत्याकडून भरपाई? बंपर तुम्ही पाहूनच घेतलात, बहुधा त्यावर भाळूनच. फसवणूक सिद्ध करणं कठीण. शिवाय ओळखीतला खाजगी सौदा ग्राहक आयोगापुढे टिकत नाही.

डोंगरात जाण्याची हौस मला कळते. रिकव्हरी पट्टा (अडकलेली गाडी ओढायचा), शॅकल (तो अडकवायची लोखंडी कडी), हवा भरायचा कॉम्प्रेसर, फावडं डिकीत ठेवायला कोणाची हरकत नाही. मात्र राखीव वनात परवानगीविना शिरलात तर भारतीय वन कायदा, १९२७ चं कलम २६ आहेच. विमाही तुमच्या नावावर झालाय का तपासा. पॉलिसीच्या अटींत शर्यती आणि ‘रिलायबिलिटी ट्रायल’ (गाडीच्या टिकाऊपणाच्या चाचणी-स्पर्धा) वगळलेल्या असतात. आयोजित ऑफ-रोड स्पर्धेत उतरण्याआधी ते वाचा.

आणि काढलेला बंपर, विंच इतक्यात विकू नका. चलानाचा निकाल लागेपर्यंत तो तुमचा पुरावा आहे.